लाखात एक गाठ

निंबा बोरसेंना पाच वर्षांची सक्तमजुरी झाली ती एका गाठीचं कौतुक केल्यामुळे. मी गंमत करत नाही. निकालपत्राच्या सतराव्या पानावर तसं लिहिलं आहे, फक्त तिथे त्याला कौतुक न म्हणता कबुली म्हटलं आहे.

मी केतकी. सुरतेत वकिली करते. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची अपिलं सरकारी मदत केंद्राकडून माझ्याकडे येतात. बाबा बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि माझ्याबद्दल कुणी विचारलं की अजूनही ‘अनुभव घेतेय’ असं सांगतात. निंबांची फाइल माझ्याकडे आली तेव्हा लाजपोरच्या जेलमध्ये त्यांची दोन वर्षं झाली होती, जामीन दोनदा फेटाळला गेला होता आणि आधीचा वकील बडोद्याला निघून गेला होता. फाइलच्या आतल्या बाजूला त्याने पेन्सिलने एकच शब्द लिहून ठेवला होता, ‘कठीण’. माणूस निदान प्रामाणिक होता.

प्रकरण असं. भेस्तानमध्ये सुताच्या एका गोदामात भर दुपारी चोरी झाली. त्या दिवशी वीज बंद होती, त्यामुळे आसपासची लूमची खाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, थंड होती. चोरांनी मागून येऊन रखवालदाराच्या डोक्यावर पोतं टाकलं, गोदामातल्याच सुताने त्याचे हात बांधले आणि टेम्पो भरून माल नेला. रखवालदाराने कुणाचंही तोंड पाहिलं नाही. माल सापडला नाही, टेम्पो सापडला नाही. सापडलं ते एवढंच, त्याच्या मनगटांवरचं सूत आणि सुताला मारलेल्या सहा गाठी. निंबा शेजारच्याच खात्यात पंधरा वर्षं लूम चालवत होते. आदल्या रात्रीची पाळी करून ते त्या दुपारी डिंडोलीत आपल्या घरी झोपले होते आणि याला साक्षीदार एकटी त्यांची बायको. तिच्या साक्षीचं काय झालं असेल ते सांगायला नको.

मग आले गाठींचे तज्ज्ञ डॉ. अंजारिया. असा काही विषय असतो हेच मला माहीत नव्हतं. असतो, आणि त्याचा बावीस पानांचा रंगीत फोटोंसह अहवालही असतो. गाठ अगदी सपाट आहे, वळसा डाव्या अंगठ्याखालून घेतला आहे, टोक दोन मिलिमीटरवर तोडलं आहे आणि अशी गाठ बांधणारा माणूस लाखात एक असतो, असं डॉक्टरसाहेबांनी शपथेवर सांगितलं. पोलिसांनी निंबांकडून नमुना म्हणून एक गाठ बांधून घेतली होती. ती तंतोतंत जुळली.

एवढ्यावरही कदाचित निभावलं असतं. पण शेवटी आरोपीला आपलं म्हणणं मांडायची संधी देतात, तशी निंबांना दिली. पाकिटात ठेवलेली रखवालदाराच्या हातावरची गाठ दाखवून न्यायाधीशांनी विचारलं, ही तू बांधलीस का? निंबांनी ते पाकीट खिडकीकडे नेऊन उजेडात धरलं, नीट पाहिलं आणि म्हणाले, “चोरी मी केली नाही साहेब. पण मी बांधतो अशीच. मस्त बांधली आहे. कुठे उंचवटा नाही.”

सतरावं पान ते हे.

जेलमधल्या पहिल्या भेटीत मी त्यांना विचारलं, “असं बोलायची काही गरज होती का?”

“त्यास्नी विचारं, मंग सांगं,” निंबा म्हणाले. पन्नाशीचा, वाळलेला, शांत माणूस. “गाठ चांगलीच व्हती ताई. खोटं काब्रं बोलू?”

“तुम्हाला तिथे मार्क द्यायला बोलावलं नव्हतं,” मी म्हटलं. मला राग पटकन येतो आणि मग उतरायला गिऱ्हाईक शोधतो. “यापुढे विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. हो नाहीतर नाही. वर एक शब्द नको.”

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले की माझ्या पिशवीचा बंद उसवत आलाय, दोन दिवसांत तुटेल. तो दुसऱ्याच दिवशी तुटला.

त्यांची बायको सुंदराबाई दर तारखेला यायची. घरी साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करायची, तारखेच्या दिवशी ते सोडून कोर्टात शेवटच्या बाकावर येऊन बसायची. कोर्टात सगळं गुजरातीत चालायचं आणि तिला त्यातलं निम्मं कळायचं, पण पट्टेवाला कुंदनभाई दारात उभा राहून पुकारा करी तेव्हा नवऱ्याचं नाव ऐकून ती उठून उभी राहायची. पुढची तारीख मिळाली की बसची वाट धरायची. ती मला काही विचारायची नाही. माझं मलाच वाईट वाटायचं.

एके दिवशी सुनावणीला दहा मिनिटं असताना माझ्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीची दोरी तुटली. पट्टीशिवाय उभं राहिलं तर जजसाहेब ऐकूनच घेत नाहीत. मी दोन टोकं धरून एक जाडजूड गाठ मारली, ती सुटली. दुसरी मारली, ती कॉलरमध्ये लिंबाएवढी दिसायला लागली. सुंदराबाईने माझ्या हातातून टोकं काढून घेतली. तिचा डावा अंगठा जरासा हलला, आणि झालं. दोरी एकसंध.

“काय केलंत?”

“गाठ मारी,” ती म्हणाली.

मी ती गाठ डोळ्यांजवळ आणली. पंधरा दिवस मी त्या बावीस पानांतले फोटो बघत होते, मला त्या गाठी स्वप्नात यायच्या बाकी होत्या. सपाट. उंचवटा नाही. वळसा डाव्या अंगठ्याखालून.

“सुंदराबाई, ही तर तीच गाठ आहे. रखवालदाराच्या हातावरची. लाखात एक.”

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “ताई, हाई गाठ त बठ्ठाच बांधतस. आमनी गल्लीमा दहा वरीसनी पोर बी बांधस. तुमले येत नही?”

मग मला लूमचा पहिला धडा मिळाला. लूमवर हजारो उभे तार ताणलेले असतात आणि त्यातला एखादा सारखा तुटत असतो. कारागिराने तो लगेच सांधायचा. गाठ जाड झाली तर ती फणीच्या दातांत अडकते, तार पुन्हा तुटतो आणि कापडात डाग पडतो. म्हणून सगळ्यांची गाठ एकच, सपाट, डाव्या अंगठ्याखालची. खात्यात नवा आलेला माणूस आधी ती गाठ शिकतो, मग लूम. नवऱ्याची बघून बायको शिकते, आईची बघून पोरं.

“मग हे खालच्या कोर्टात का नाही सांगितलं?” माझा आवाज चढला. बाहेरच्या कट्ट्यावरचे दोन वकील वळून बघायला लागले.

“कोनी विचारं नही,” ती म्हणाली. आणि खाली बघत, “माले वाटनं, येवढा मोठा डॉक्टर शे, फोटो काढेल शेत. मंग ती गाठ दुसरीच काहीतरी व्हई.”

अख्ख्या डिंडोलीला तेच वाटलं होतं. गाठीवरून माणूस पकडला म्हणजे ती गाठ काहीतरी भारी असणार, आपल्यासारख्यांना न येणारी. आपण रोज शंभरदा मारतो ती गाठ पुरावा असू शकते हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला हसू आलं आणि त्याच वेळी स्वतःचा भयंकर राग आला. माझा जन्म सुरतेतला. तीस वर्षं मी या लूमच्या आवाजाला नाक मुरडत भेस्तानवरून जाते येते, आणि मलाही ही गाठ माहीत नव्हती.

सुंदराबाईने आणखी एक सांगितलं. पोलिसांनी त्या वेळी निंबांच्या खात्यातल्या सगळ्यांकडून गाठी बांधून घेतल्या होत्या. मी रविवारी डिंडोलीला गेले आणि सुंदराबाईला घेऊन निंबांबरोबर काम करणाऱ्या धर्मेंद्रला भेटले. “हां, नऊ जनांच्या घेतल्या,” तो म्हणाला. “पाकिटात टाकल्या, वरती सह्या घेतल्या. आम्ही समजलो, झालं. मग नुसत्या निंबाभाऊलाच काब्रं उचललं ते कळलंच नही.”

कोर्टाच्या कागदांत पाकीट एकच होतं, चौथ्या नंबरचं. पण मुद्देमालाच्या रजिस्टरात, जे कुणी उघडत नाही कारण त्यावर बोटभर धूळ असते, स्वच्छ लिहिलं होतं, ‘गाठींची पाकिटे, नग ९’. म्हणजे आठ पाकिटं कुठेतरी पडून होती. ती मागवावीत आणि डॉ. अंजारियांना पुन्हा साक्षीला बोलवावं म्हणून मी अर्ज केला.

अर्ज केल्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारी वकील वशीसाहेब मला चहाला घेऊन गेले. खालच्या कोर्टात निंबांचा खटला यांनीच चालवला होता आणि आता बढती मिळून तेच अपिलातही समोर होते. माणूस गोड. “केतकीबेन, कशाला धूळ उडवता?” ते म्हणाले. “दोषी ठरवल्याबद्दल भांडू नका, फक्त शिक्षा कमी मागा. भोगली तेवढी पुरे म्हणा. मी विरोध करणार नाही. आठ दिवसांत तुमचा माणूस घरी.”

आणि उलट झालं तर? अपील फेटाळलं गेलं तर निंबांची आणखी अडीच वर्षं जाणार होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी लाजपोरला जाऊन मी निंबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

“म्हंजे चोरी केली असं म्हनायचं?” त्यांनी विचारलं.

“म्हणायचं नाही. फक्त केली नाही म्हणायचं सोडून द्यायचं.”

त्यांनी जाळीच्या पलीकडे आपल्या बोटांकडे पाहिलं. “गाठ मन्हासारखी शे म्हटलं, ते खरं व्हतं ताई. हाई खरं नही.”

मला त्यांचा पुन्हा राग आला. हा माणूस एकदा तरी सोयीचं बोलेल तर शपथ. पण बाहेर येऊन रिक्षात बसले तेव्हा कळलं, राग नव्हता तो. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि भीती वाटत होती, दोन्ही एकदम.

जजसाहेबांनी अर्ज मंजूर केला. तारखेच्या दिवशी एका खोक्यातून आठ पाकिटं आली. कोर्टातलं चौथ्या नंबरचं धरून नऊच्या नऊ. मी ती एकेक उघडून टेबलावर मांडली, नावाची बाजू झाकून, आणि डॉ. अंजारियांना म्हटलं, “यातली निंबा बोरसेंची कोणती तेवढी दाखवा.”

डॉक्टरसाहेबांनी खिशातून भिंग काढलं. पाच मिनिटं बघितलं. मग भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. “सर्व नमुने एका पद्धतीचे दिसतात,” ते शेवटी म्हणाले.

“हे तुम्हाला तेव्हाही दिसलं होतं ना?” मी विचारलं, कारण खोक्याच्या तळाशी एक कागद होता. त्यावर डॉक्टरसाहेबांनी तेव्हा लिहिलेल्या ओळी होत्या. सर्व नऊ नमुने सारखेच आहेत, संशयित कोणता ते कळवावे. आणि त्याखाली हिरव्या शाईत उत्तर. क्रमांक चार, अहवालात फक्त त्याचाच उल्लेख असावा. सही वशीसाहेबांची. तारखेसकट.

मी तो कागद मोठ्याने वाचला. वशीसाहेबांनी उठून सांगितलं की हा कार्यालयीन पत्रव्यवहार आहे. जजसाहेब म्हणाले, “बसा.”

डॉ. अंजारिया मात्र कसलेले साक्षीदार. त्यांनी घसा साफ केला. “एका खात्यातल्या नऊ जणांनी ती एकमेकांकडून उचलली असेल. पण त्या खात्याबाहेर ही गाठ दुर्मीळच. मी साठ जणांवर प्रयोग केला आहे. एकालाही बांधता आली नाही.”

“कोण होते ते साठ जण?”

“आमच्या कार्यालयातले कर्मचारी. आणि कॉलेजचे विद्यार्थी.”

“लूमवर काम केलेला कुणी?”

“त्याची आवश्यकता नव्हती.”

डिंडोलीतले शंभर जण आणून उभे केले तरी हे म्हणणार, शिकवून आणलेत. वशीसाहेब ताठ होऊन बसायला लागले होते. तेवढ्यात मागून माझा कोट ओढला गेला. सुंदराबाई शेवटच्या बाकावरून उठून कधी माझ्या पाठीशी आली होती कोण जाणे.

“ताई,” ती माझ्या कानाशी म्हणाली, “ती फाइलनी दोरी देखा.”

मी पाहिलं. जजसाहेबांच्या समोर निंबांच्या खटल्याची फाइल होती, चार बोटं जाड, लाल दोरीने बांधलेली. दोरी मध्ये कुठेतरी तुटली होती आणि कुणीतरी ती सांधली होती. मी कित्येक महिने ती फाइल बघत होते. सुंदराबाईही बघत होती, पण शेवटच्या बाकावरून, आणि तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

“साहेब, ती दोरी साक्षीदारांना दाखवायची परवानगी असावी,” मी म्हटलं. जजसाहेबांनी भुवया उंचावल्या, पण फाइल पुढे सरकवली. “डॉक्टरसाहेब, ही गाठ?”

भिंग पुन्हा निघालं. या वेळी त्यांना वेळ लागला नाही. आपल्याला काय विचारलं जातंय ते त्यांच्या लक्षात आलं नसावं, किंवा पुन्हा एकदा तज्ज्ञ व्हायची संधी मिळाल्याचा आनंद झाला असावा. “सपाट, वळसा डाव्या अंगठ्याखालून, टोक दोन मिलिमीटर,” ते म्हणाले. “आरोपीच्या नमुन्याशी पूर्ण जुळते. माझ्या मते हात तोच.”

“नक्की?”

“निःसंशय.”

दारातून खोकल्याचा आवाज आला. पट्टेवाला कुंदनभाई दोन पावलं आत आला होता, हात जोडून. बावीस वर्षांच्या नोकरीत तो कोर्टात पुकाऱ्याशिवाय कधी बोलला नसेल. “माफ करा साहेब,” तो म्हणाला. “ती मी बांधलीय. खालच्या कोर्टातून फाइल आली तेव्हा दोरी तुटलेली होती. नोकरी लागायच्या आधी मी पण लूमवरच होतो, सात वर्षं.”

जजसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं आणि मग बराच वेळ डॉ. अंजारियांकडे पाहिलं. “म्हणजे या पुराव्यावर मला माझ्या पट्टेवाल्यालाही आत टाकावं लागेल,” ते म्हणाले. ते हसत नव्हते. मागे सुंदराबाई मात्र पदर तोंडाला लावून थरथरत होती. मला वाटलं हसतेय. वळून पाहिलं तर ती रडत होती.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. निंबा बोरसे निर्दोष. हिरव्या शाईतल्या त्या कागदाबद्दल जजसाहेबांनी दोन पानं लिहिली आणि चौकशी करा असं वर कळवलं. चौकशी चालू आहे असं ऐकते. वशीसाहेब अजूनही भेटले की आधी तेच जय श्रीकृष्ण म्हणतात. खरा चोर कोण होता हे कुणी शोधलंच नाही, आणि आता कोण शोधणार?

निंबांना आणायला सुंदराबाईबरोबर मीही लाजपोरला गेले. ते मधलं दार ओलांडून बाहेर आले तेव्हा तिने त्यांच्या शर्टाचा लोंबणारा एक धागा तोडला. अटकेच्या दिवशी काढून ठेवलेल्या त्यांच्या वस्तूंचं बोचकं फाटकाजवळच्या शिपायाने टेबलावर ठेवलं. त्याची सुतळी सडली होती, उचलताच तुटली, आणि आतली चप्पल, डबा, जुनी बनियन बाहेर डोकावायला लागली. निंबांनी सवयीने दोन टोकं उचलली. मला ओरडावंसं वाटलं, पण त्याआधीच डावा अंगठा हलला होता. सुतळी एकसंध झाली होती.

शिपाई वाकून बघायला लागला. तरुण होता, चेहऱ्याने भला. “अरे वाह,” तो म्हणाला. “क्या गाठ मारी है चाचा. कहाँ से सीखी?”

सहज विचारलं होतं त्याने. निंबांचा चेहरा मात्र एकदम उतरला. त्यांनी सुतळीवरचे दोन्ही हात काढून पाठीमागे घेतले.

“मेरे को नहीं आती साब,” ते म्हणाले. “ऐसे ही हो गई.”

विचारलं तेवढ्याचंच उत्तर. वर एक शब्द नाही, आणि तेही खोटं. मीच शिकवलं होतं, आणि निंबा ते इतकं नीट शिकले होते की मला त्यांच्याकडे बघवेना. सुंदराबाईने बोचकं उचलून काखेत मारलं आणि आम्ही तिघं बसथांब्याकडे चालायला लागलो.